रंगरावांनी काढलेलं गुलाबपाणी

कालव्याच्या पायरीवरून घसरून हिराबाईंचं डावं मनगट मोडलं, तेव्हा त्यांनी पहिली हाक मारली ती हातासाठी नव्हे. "अय्यो, पन्नीर!" असं त्या ओरडल्या. पलीकडच्या शेतात भाताची लावणी करणाऱ्या बायका धावत आल्या. त्यांना वाटलं, म्हातारीचं डोकंच आपटलं.

डोकं शाबूत होतं. वर्षाचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं आणि पन्नीर, म्हणजे गुलाबपाणी, अजून काढायचं होतं. तिरुवैयारुच्या डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लॅस्टर चढवलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही असं बजावलं. हिराबाईंनी विचारलं, "उजव्या हातानं शिंपडायला हरकत नाही की?" डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

कावेरीच्या या काठावर मराठी घरांत कुठंही लग्न निघालं की पन्नीर हिराबाईंच्या घरचं, हे चाळीस वर्षं चालत आलेलं होतं. काढायचं त्यांनी आणि मंडपाच्या दारात उभं राहून चांदीच्या गुलाबदाणीतून पाहुण्यांवर शिंपडायचंही त्यांनीच. बाकी कशात बाईंचं नाव नव्हतं. शिक्षण चौथीपर्यंत, तेही तमिळ. गाणं येत नाही, रांगोळी बरी. लग्नघरात कुणी त्यांना चार माणसांत बोलावून काही विचारत नसे. पण दारात त्या उभ्या राहिल्या की वकील असो, तहसीलदार असो, मान वाकवून पुढं जावं लागे. ते त्यांना आवडायचं. मनापासून आवडायचं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नसे.

वर्षा ही त्यांच्या धाकट्या जावेची, अंबाची मुलगी, आणि श्रीकर वर्षाचा भाऊ. अंबा तंजावरला राहायची, शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि घरातही मुख्याध्यापिकाच होती. तिचे यजमान सुंदरराव घरात असून नसल्यासारखे. हात मोडल्याचं कळताच अंबाचा फोन आला.

"अक्का, तुम्ही अगदी निजून राहा. पन्नीरची काळजी नको. श्रीकरनं बाहुली ठरविली आहे."

"कसली बाहुली?"

"माणसायेवढी असते. रेशमी साडी नेसविलेली. बटण दाबलें की हात जोडते आणि पन्नीर उडविते. सगळे आतां तीच आणतात. दमत नाही, घसरत नाही."

शेवटचे दोन शब्द हिराबाईंना लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेल्या रंगरावांनी ते पाहिलं. रंगराव ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. आयुष्यात त्यांनी बायकोच्या कामात कधी लक्ष घातलं नव्हतं, पण बायको रडलेलीही त्यांना बघवत नसे. त्यांनी उठून फोन हातातून काढून घेतला.

"अंबा, मी बोलतों. पन्नीर येणार. मी काढतों."

पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. मग अंबा म्हणाली, "बरें भावजी. लग्नाच्या सकाळी पन्नीर आलें तर अक्का दारांत उभ्या राहतील. नाही आलें तर बाहुली. तसेंही बाहुलीला सांगून झालें आहे, ती येईलच."

फोन ठेवल्यावर रंगराव म्हणाले, "त्यांत काय येवढें? फुलें, पाणी आणि चूल. कचेरींत मी तीस माणसें सांभाळीत होतों."

हिराबाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडे आपादमस्तक पाहिलं. त्यांना फारशी आशा वाटली नाही.

घरामागं पन्नीर गुलाबाचं वीतभर वावर होतं. फिकट गुलाबी, लहानसं फूल, दिसायला बेताचंच, पण वास असा की वाटेनं जाणारा सायकल थांबवतो. ही फुलं उन्हं पडायच्या आत तोडावी लागतात. अर्धी उमललेलीच घ्यायची. पावसानं भिजलेलं घेतलं तर पाण्याला कुबट वास येतो. आवणी महिना, म्हणजे तमिळ श्रावण, चालू होता आणि रोज संध्याकाळी पाऊस मुक्कामाला असल्यासारखा येत होता. चार दिवस वाट पाहिल्यावर एक संध्याकाळ कोरडी गेली.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच रंगराव वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, खोचून वावरात उतरले. बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गळ्यात हात अडकवून हिराबाई बसल्या.

"ते नको. ते पुरतें उमललें आहे."

"मग वाईट काय झालें?"

"तुम्ही रिटायर झालां तसें झालें. वास गेला त्याचा."

शेजारच्या शेतात चिखलात वाकलेल्या बायकांनी ते ऐकलं. त्यांची मुकादम भवानी तमिळमध्ये म्हणाली, "सार, देठाला धरा. फाईल ओढल्यासारखं ओढू नका." सगळी ओळ कंबर सरळ करून हसली. रंगरावांनी तिकडं बघायचं टाळलं. तेवढ्यात वेष्टी मागून काट्यात अडकली. ते पुढं गेले, वेष्टी मागं राहिली. नेमकी त्याच वेळी बांधापलीकडच्या रस्त्यावरून पहिली बस आली आणि ड्रायव्हरनं, ओळखीचा असल्यामुळं, हॉर्न वाजवला.

दोन तासांत त्यांच्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले. कंबर धरली. पण टोपली भरली. हिराबाईंनी वरची मूठभर फुलं नाकाशी नेली आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे फुलं चांगली होती.

फूल तोडलं की दुपारच्या आत चुलीवर चढलं पाहिजे हा त्यांचा नियम. आणि नेमकं त्याच दिवशी प्लॅस्टर दाखवायला तिरुवैयारुला जायचं होतं. सून विनुता शाळेत शिकवायची. तिनं त्यासाठीच अर्धी रजा काढली होती. हिराबाई जायला तयार होईनात.

"मी काय कुक्कुलें बाळ आहे?" रंगराव म्हणाले. "सांग, मी लिहून घेतों."

त्यांनी खरंच वही आणली. हिराबाईंनी सांगितलं ते असं. मोठ्या पितळी तपेल्यात मधोमध वीट ठेवायची. विटेभोवती पाकळ्या, पाकळ्या बुडतील एवढंच पाणी. विटेवर रिकामं पातेलं. तपेल्यावर झाकण उलटं, मूठ खाली करून. झाकणात गार पाणी ओतायचं. खालून वाफ वर जाते, गार झाकणाला लागून तिचे थेंब होतात आणि मुठीवरून पातेल्यात टपकतात. तेच पन्नीर. झाकणातलं पाणी कोमट झालं की बदलायचं. जाळ मंद. झाकणाची कड कणकेनं लिंपायची, वाफ एवढीशी सुटता कामा नये. पातेलं भरलं की बाटलीत ओतायचं. असे तीन घाणे. बाटलीचं बूच लग्नाच्या दिवसापर्यंत उघडायचं नाही, नाही तर वास उडतो.

"आणि काहीं झालें तरी चूल सोडून जायचें नाही," स्कूटरवर बसता बसता त्या म्हणाल्या.

रंगरावांनी हे शेवटचं वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलं.

पहिल्यांदा सगळं वहीबरहुकूम झालं. वीट बसली, पाकळ्या पडल्या, चूल पेटली. मग कणीक. गव्हाच्या पिठाचा डबा त्यांनी उघडला तर तळाशी चिमूटभर पीठ. काल रात्री विनुतानं चपात्या केल्या होत्या आणि पाच त्यांनीच खाल्ल्या होत्या. दुकान नाक्यावर. चूल सोडून जायचं नाही. तपेल्यातून वाफ सुटायला लागली होती, आणि त्या वाफेबरोबर आपल्या बायकोचं पन्नीर आढ्याला चाललंय हे त्यांना दिसत होतं. त्यांच्या कपाळाला घाम आला.

आणि मग त्यांना परातीतलं पीठ दिसलं. लग्नाचे उडदाचे पापड, अप्पळम, हेही याच घरातून जायचे होते. तीन दिवस भवानी आणि दोघीजणी येऊन पीठ कुटत होत्या, लाटत होत्या. गच्चीवर, ओसरीवर, खाटेवर, जिथं पाहावं तिथं अप्पळम वाळत होते. दुपारी लाटायचा गोळा मुसळानं कुटून ओल्या फडक्याखाली ठेवलेला होता. मऊ, चिवट, तुपासारखा गुळगुळीत. रंगरावांनी बोटानं दाबून पाहिला. गव्हाच्या कणकेपेक्षा हा शंभर पटींनी चांगला चिकटणार, हे कुणालाही कळलं असतं.

कचेरीत अशा वेळी 'अमुकच्या ऐवजी तमुक' असा शेरा मारून ते सही करत. इथं सही कुणाची लागत नव्हती. त्यांनी गोळ्याचा लचका तोडला, लांब वळी केली आणि झाकणाच्या कडेला बाहेरून आणि थोडी आतूनही घट्ट दाबून बसवली. वाफ तिथल्या तिथं थांबली. रंगरावांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

अप्पळमच्या पिठात हिंग असतो. साधासुधा नव्हे, लग्नाचे म्हणून अंबानं मुद्दाम पाठवलेला खडा हिंग, पाण्यात भिजवून सढळ हातानं घातलेला. ही गोष्ट रंगरावांना माहीत नव्हती असं नाही. पण तीन दिवस त्या घरात उशीलाही हिंगाचा वास येत होता, मग त्याची आठवण कुणाला राहणार?

पुढं चार तास ते राबले. झाकणातलं पाणी कोमट झालं की उपसायचं, विहिरीवरून गार आणायचं. अकरा बादल्या झाल्या. धुरानं डोळे लाल झाले, बनियन भिजलं. प्रत्येक घाण्यानंतर झाकण काढताना पिठाची कड खरपूस भाजून निघायची. पहिली त्यांनी चाखून पाहिली. दुसरी कॉफीबरोबर खाल्ली. तिसरीपर्यंत त्यांना ती आवडायला लागली होती. अशा रीतीनं पुरावा त्यांनीच नाहीसा केला, तोही काही वाईट हेतू नसताना.

हिराबाई परतल्या तेव्हा ओट्यावर दोन बाटल्या बूच लावून उभ्या होत्या. पाणी स्वच्छ, नितळ. त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, बुडबुडे पाहिले.

"कड लिंपली होती की?"

"केसायेवढी वाफ सुटली नाही."

रंगराव खोटं बोलले नाहीत. हिराबाईंनी बाटली जपून ओट्यावर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "चांगलें काढलें हो तुम्ही." लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. हे वाक्य रंगरावांनी पहिल्यांदा ऐकलं आणि ते उगाचच अंगणात जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात भवानी फडकं उचलून ओरडली, "अम्मा, गोळा अर्धा झालाय! उंदीर आला होता का?"

"आला असेल," रंगराव अंगणातूनच म्हणाले.

"एवढं खाल्लं? केवढा असेल तो?"

"बराच मोठा होता," रंगराव म्हणाले. त्या रात्रीपासून घरात दोन पिंजरे लागले आणि पहिल्यात त्यांचाच अंगठा सापडला.

लग्नाच्या दिवशी तंजावरच्या मंगल कार्यालयाच्या दारात केळीचे खुंट बांधलेले, डावीकडे बाहुली, उजवीकडे हिराबाई. बाहुलीनं लाल रेशमी साडी नेसली होती. ती दर दहा सेकंदांनी हात जोडायची, मान तिरकी करायची आणि फुस्स करून फवारा सोडायची, माणूस समोर असो वा नसो. हिराबाईंनी मोरपंखी साडी नेसून, प्लॅस्टर पदराखाली घेऊन, उजव्या हातात गुलाबदाणी धरली होती. अंबानं येऊन दोघींकडे पाहिलं. बाहुलीचा पदर नीट केला आणि हिराबाईंना म्हणाली, "अक्का, संभाळून हां. वराकडचे आजोबा सकाळपासून रागावले आहेत. बस उशिरां आली, कॉफी गार मिळाली. अजून तोंड उघडलें नाही त्यांनी."

वराकडचे आजोबा म्हणजे तुळजाजी. त्या सगळ्या घराण्यात त्यांचा शब्द शेवटचा. वराकडचं माणूस मांडवात रुसलं तर मुहूर्तही थांबतो, आणि तुळजाजी रुसण्यात नावाजलेले होते. सनई सुरू झाली. वऱ्हाड दाराशी आलं. पुढं तुळजाजी, कोसळायला आलेल्या आभाळासारखं तोंड करून. बाहुलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. हिराबाईंसमोर येऊन त्यांनी मान वाकवली.

रंगरावांनी बाटलीचं बूच काढून नुकतीच भरून दिलेली गुलाबदाणी हिराबाईंनी झटकली. त्यांच्या अंगावरही चार तुषार आले. आधी गुलाब आला, चांगला, गोड, त्यांच्या वावरातला. आणि त्याच्या मागोमाग, ओळखायला क्षणभरही न लागणारा, खमंग, कढलेला हिंग आला.

लग्नासाठी तीन दिवस आधीच तंजावरला आल्यामुळं त्यांचं नाक पुन्हा ठिकाणावर आलं होतं. उंदीर, पीठ, केसाएवढी न सुटलेली वाफ, सगळं त्यांना एका दमात कळलं. त्यांनी मागं उभ्या असलेल्या रंगरावांकडे पाहिलं. रंगराव जरीची वेष्टी नेसून, छाती पुढं काढून, प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, "पन्नीर घरचें आहे."

तुळजाजी जागच्या जागी थांबले होते. डोळे मिटलेले. नाकपुड्या हलल्या. एकदा, दोनदा. मागचं वऱ्हाड थांबलं. अंबाचा चेहरा पांढरा पडला.

तुळजाजींनी डोळे उघडले. "पंगत कोठें आहे?" त्यांनी विचारलं.

सकाळपासूनचे त्यांचे हे पहिले शब्द. सुंदररावांनी घाबरून बोट दाखवलं आणि तुळजाजी सरळ त्या दिशेनं चालायला लागले. पुढच्या माणसावर हिराबाईंनी शिंपडलं, हात थांबवायचं भान त्यांना राहिलं नव्हतं. तोही हुंगून खालच्या मजल्यावरच्या भोजनगृहाकडे वळला. मग त्याची बायको. मग वराच्या तीन आत्या. बाहुलीकडून आलेले लोक हॉलमध्ये खुर्च्यांवर गुपचूप बसत होते, आणि हिराबाईंकडून आलेले झपाझप खाली पानावर जाऊन बसत होते. आचारी साईराम पळत वर आला.

"अम्मा, मुहूर्ताच्या आधीच शंभर माणूस बसलें! मी इडली आतां कोठें उतरवितों! सगळे सांबार मागतात!"

अंबानं हिराबाईंच्या हातातली गुलाबदाणी घेऊन नाकाशी धरली. "अक्का, हें काय घातलें तुम्ही?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझ्या मुलीच्या लग्नांत? म्हणून मी म्हणत होतें, बाहुली बरी." गुलाबदाणी तिनं स्वतःच्याच हातात ठेवून घेतली.

हिराबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. मान खाली घालून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं ज्या दारात सगळ्यांनी त्यांच्यापुढं मान वाकवली, तिथं त्यांची मान वाकलेली रंगरावांनी पाहिली. त्यांना ते सहन झालं नाही. अंबा असं का बोलते आहे हेही अजून त्यांना उमगलं नव्हतं, म्हणून त्यांनी पुढं होऊन गुलाबदाणी हुंगली. मग त्यांना उमगलं.

"अंबा," ते म्हणाले. आवाज कचेरीतला, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा. "हें मी काढलें. कणीक नव्हती म्हणून अप्पळमचें पीठ लाविलें. हिला ठाऊक नाही. हिचें पन्नीर असलें नसतें. तो उंदीर मीच."

उंदराचं कुणाला काही कळलं नाही, पण बाकीचं कळलं. आधी श्रीकर हसला, मग नवरीच्या खोलीतून वर्षा हसली, मग सगळा हॉल. रंगराव कानापर्यंत लाल होऊन उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत.

तुळजाजी हात पुसत वर आले तेव्हा हसणं चालूच होतं. पोटात सहा इडल्या गेल्यामुळं त्यांच्या चेहऱ्यावरचं आभाळ निवळलं होतं. काय झालं ते त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

"सकाळपासून चार ठिकाणीं नमस्कार झाला," ते म्हणाले. "खाल्लें काय म्हणून कोण्ही विचारलें नाही. या बाईच्या दारानें विचारलें. ती गुलाबदाणी त्यांना द्या. आमची अजून अर्धी माणसें यायची आहेत."

वराकडच्या आजोबांचा शब्द. अंबानं गुलाबदाणी निमूटपणे परत दिली. पण हिराबाईंनी मान वर करून तुळजाजींना स्पष्ट सांगितलं, "नाही मामा. हें बिघडलेलें आहे. खाण्याचा वास खाण्याला बरा. हें मी कोण्हावर शिंपडणार नाही."

तुळजाजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले. "तसें असेल तर आमच्या धाकट्या नातवाच्या लग्नाला, पोंगलनंतर तै महिन्यांत, खरें आणून द्या. आणि यजमानांना चुलीजवळ फिरकूं देऊं नका."

यजमानांना, म्हणजे रंगरावांना, अंबानं आधीच कामाला लावलं होतं. शंभर माणसं अवेळी जेवायला बसवली त्यांनी, तर वाढायलाही त्यांनीच जावं, असा हुकूम झाला होता. जरीची वेष्टी खोचून, सांबाराची बादली घेऊन ते खाली गेले.

ते गेल्यावर हिराबाईंनी गुलाबदाणी केळीच्या खुंटाशी पूर्ण रिकामी केली. बाहुलीच्या टाकीतलं भरू का, असं श्रीकरनं विचारलं. त्यांनी नको म्हटलं. पाहुणे दाराशी आलेच होते. त्यांनी रिकामी गुलाबदाणी उचलली आणि पहिल्या माणसाच्या डोक्यावर झटकली. त्यानं मान वाकवली, डोळे मिटले, समाधानानं आत गेला. दुसऱ्यानंही तसंच केलं. एक वयस्क वकील तर थांबून बायकोला म्हणाले, "हें घरचें. दुकानाच्या पन्नीरला ही सर नाही." हिराबाईंनी ओठ घट्ट मिटून पुढच्याकडे पाहिलं. बाहुली शेजारी फुस्स फुस्स करीत राहिली.

मुहूर्ताला थोडा वेळ उरला असताना रंगराव वर आले. वेष्टीवर सांबाराचे डाग, कपाळावर घाम. हिराबाईंच्या हातात गुलाबदाणी पाहून ते दचकले.

"दुसरें आणलेंस? कोठून?"

"डोकें वाकवा."

बेचाळीस वर्षांत दर लग्नात सामान आत नेण्याच्या गडबडीत त्यांच्यावर कधी पन्नीर शिंपडलं गेलं नव्हतं. ते पुढं आले, दोन्ही हात जोडले आणि पांढरं डोकं बायकोसमोर खाली केलं. हिराबाईंनी तीनदा गुलाबदाणी झटकली. रंगरावांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"हां," ते म्हणाले. "हें तुझें. आतां मज फरक कळला."

हिराबाईंनी त्यांना काही सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.